पॅरिस १९१९ चा तह-वॉक: जिंकलेल्यांची आपसातली ओढाताण बघायची असेल तर नक्की करा

पॅरिसमध्ये एक दिवसभराचा गाईडेड वॉक केला, विषय फक्त एकच, पहिलं महायुद्ध संपल्यावर १९१९ मध्ये जिंकलेल्या देशांनी तहाच्या अटी कशा ठरवल्या. सकाळ पॅरिसच्या रस्त्यांवर आणि दुपारनंतर ट्रेनने व्हर्साय. घेणारा माणूस एकटाच सगळं चालवतो, निवृत्त इतिहास शिक्षक आहे, त्याचं नाव इथे टाकत नाही. ग्रुप छोटा असतो, सगळं इंग्रजीत चालतं, आणि दिवसभर पायपीट आहे हे आधीच सांगते. माझं मत एका ओळीत हवं असेल तर सकाळच्या भागाला पाचपैकी पाच, दुपारच्या भागाला तीन, आणि असं का ते खाली लिहिते कारण त्यात विषय पण येतो.

आपल्यापैकी बहुतेकांना शाळेत जे शिकवलं ते एवढंच की व्हर्सायला जर्मनीवर अपमानाचा तह लादला, जर्मन लोक चिडले, हिटलर आला. म्हणजे एका बाजूला विजेते, दुसऱ्या बाजूला हरलेला आणि मध्ये टेबल, असं चित्र डोक्यात बसलेलं असतं. या वॉकची सगळ्यात मोठी कमाई ही की ते चित्र दुपारपर्यंत पुसलं जातं. जानेवारी ते मेची सुरुवात, जवळजवळ चार महिने, जर्मनीचा एकही माणूस टेबलावर नव्हता. भांडणं झाली ती मित्रराष्ट्रांची आपसातच, आणि ती इतकी कडाक्याची होती की शेवटी जो कागद तयार झाला त्याला हात लावायची कुणाची हिंमतच राहिली नाही. सगळ्या गोष्टीची किल्ली इथे आहे आणि गाईडला ते पक्कं माहिती आहे.

सुरुवात होते कॉनकॉर्ड चौकात क्रियाँ हॉटेलसमोर, अमेरिकन शिष्टमंडळ तिथे उतरलेलं. त्या वेळी या चौकात जर्मनांकडून जिंकलेल्या तोफा मांडून ठेवलेल्या होत्या, त्याचा जुना फोटो तो हातात देतो आणि आपण त्याच जागी उभं राहून बघायचं. विल्सन डिसेंबर १९१८ मध्ये आला, पदावर असताना युरोपात आलेला तो पहिला अमेरिकन राष्ट्राध्यक्ष, लोकांनी अक्षरशः डोक्यावर घेतला. पण गाईड इथेच एक महत्त्वाची गोष्ट सांगतो जी माझ्या लक्षात नव्हती, की विल्सन आला तेव्हा घरी त्याच्या पक्षाने नोव्हेंबर १९१८ च्या निवडणुकीत सिनेट गमावलेलं होतं. म्हणजे तो इथे जे काही कबूल करेल ते पुढे दोन तृतीयांश मतांनी सिनेटमधून पास व्हायला पाहिजे आणि ते सिनेट विरोधकांच्या हातात. समोरच्यांना हे ठाऊक होतंच. कुठल्याही वाटाघाटीत आलेल्या माणसाच्या पाठीमागे कोण उभं आहे आणि कोण नाही हे आधी बघायचं असतं, ते इथे पहिल्याच स्टॉपला कळतं.

मग पूल ओलांडून नदीपलीकडे, के दोर्से, फ्रान्सचं परराष्ट्र मंत्रालय. आत जाता येत नाही, बाहेरूनच बघायचं. परिषदेचं उद्घाटन इथे १८ जानेवारी १९१९ ला झालं, आणि तारीख मुद्दाम निवडलेली, कारण १८ जानेवारी १८७१ ला व्हर्सायच्या आरसेमहालात जर्मन साम्राज्याची घोषणा झाली होती, फ्रान्सला हरवून, फ्रान्सच्याच राजवाड्यात. अठ्ठेचाळीस वर्षं लोकांनी ते मनात ठेवलेलं.

सुरुवातीला काम चालायचं ते दहा जणांच्या कौन्सिलमध्ये, अमेरिका ब्रिटन फ्रान्स इटली जपान, प्रत्येकी दोन माणसं. आणि बाकीची छोटी राष्ट्रं एकेक करून आत जाऊन आपलं म्हणणं मांडायची, पोलंडचा द्मोव्स्की तासन् तास बोलला, ग्रीसचा व्हेनिझेलोस आला, अरबांसाठी फैसल आला. गाईडचं म्हणणं की ही पद्धत अगदी कोर्टासारखी होती, फरक एवढाच की न्यायाधीशांचे स्वतःचेही दावे त्याच केसमध्ये अडकलेले. मला हे वाक्य आवडलं. जानेवारी-फेब्रुवारी असेच गेले, प्रगती फार थोडी, आत बोललेलं दुसऱ्या दिवशी पेपरात छापून यायचं, आणि मध्येच विल्सन महिनाभर अमेरिकेला परत गेला, ब्रिटनचा पंतप्रधान लॉइड जॉर्ज लंडनला गेला, आणि १९ फेब्रुवारीला फ्रान्सचा पंतप्रधान क्लेमांसोवर गोळीबार झाला.

तो स्टॉप पुढचा, पासी भागात रू फ्रँकलिन, क्लेमांसोचं घर. आता तिथे म्युझियम आहे पण वॉकमध्ये आत जाणं धरलेलं नाही, वेळ काढून स्वतंत्र जा. घरातून निघताना कॉतँ नावाच्या एका अराजकवाद्याने गोळ्या झाडल्या, एक गोळी शरीरात कायमची राहिली कारण काढणं धोक्याचं होतं, वय सत्त्याहत्तर, आणि दीड आठवड्यात माणूस कामावर हजर. गाईड इथे थोडा वाहवत जातो, त्याचा क्लेमांसो फार लाडका आहे हे लगेच दिसतं, पण त्याने एक गोष्ट समजावली ती फार नीट. क्लेमांसो १८७१ मध्ये तरुण राजकारणी होता, अल्सास आणि लोरेन हे प्रांत जर्मनीकडे जाताना त्याने बघितलेलं. त्याच्या आयुष्यात जर्मन सैन्य दोनदा फ्रान्समध्ये घुसलेलं. फ्रान्सचे तेराचौदा लाख सैनिक मेलेले, लोकसंख्या चार कोटीच्या आसपास आणि जर्मनीची सहा कोटीच्या वर, उत्तरेकडच्या कोळशाच्या खाणी जर्मनांनी जाताना पाणी भरून निकामी केलेल्या. आणि जर्मनीची जमीन मात्र लढाईने फारशी उद्ध्वस्त झालेलीच नव्हती, त्यांचे कारखाने शाबूत होते. त्यामुळे फ्रान्सचा प्रश्न बदल्याचा कमी आणि भीतीचा जास्त होता, हे लोक पुन्हा येणार आणि पुढच्या वेळी आपल्या बाजूला कोण असेल. हे कळल्याशिवाय त्याची एकही मागणी कळत नाही, आणि फ्रान्स सूडाने आंधळा झाला होता असं जे आपण सहज बोलून जातो त्यात फार अर्थ राहत नाही.

आता खरा हिरा म्हणजे पुढचा भाग, प्लास दे-झेताझ्युनी, छोटासा शांत चौक आहे, मध्ये बाग, वॉशिंग्टन आणि लाफायेतचा पुतळा. अमेरिकेहून परत आल्यावर विल्सन याच चौकात ११ नंबरच्या घरात राहायला आला. आणि कोपऱ्यावरच्या गल्लीत, तेव्हाचं नाव रू नितो, लॉइड जॉर्जचा फ्लॅट. चालत दोन मिनिटं. ब्रिटिशांचं बाकी शिष्टमंडळ जवळच माजेस्टिक हॉटेलात, जिथे हेरगिरीच्या भीतीने नोकरचाकर सुद्धा इंग्लंडहून आणलेले. म्हणजे जगाचा नकाशा ज्यांनी बदलला ते लोक एकमेकांचे शेजारी होते आणि ही गोष्ट पुस्तकात वाचून कळत नाही, ते अंतर पायाने चालल्यावर कळते. मार्चच्या शेवटी दहा जणांचं कौन्सिल मोठं पडतंय म्हणून चारच जण बसायला लागले, विल्सन, लॉइड जॉर्ज, क्लेमांसो आणि इटलीचा ओर्लांदो, बहुतेक वेळा याच घरात. सुरुवातीला तर सेक्रेटरी पण नाही, फक्त दुभाषा मांतू. क्लेमांसोला इंग्रजी उत्तम यायचं कारण तरुणपणी तो अमेरिकेत राहिलेला, ओर्लांदोला येत नव्हतं, आणि त्याचा त्याला किती तोटा झाला असेल ते तुम्हीच बघा, चार माणसांच्या खोलीत तीन जण थेट बोलतायत.

इथे गाईड एक ॲक्टिव्हिटी घेतो आणि फीचे निम्मे पैसे मी तर याचेच धरेन. ग्रुपचे चार भाग करतो, प्रत्येकाला एक कार्ड देतो, बागेतल्या बाकांवर बसायचं आणि अर्ध्या तासात एकच प्रश्न सोडवायचा, ऱ्हाईन नदीच्या डाव्या तीराचं, म्हणजे जर्मनीच्या फ्रान्सकडच्या भागाचं, काय करायचं. आमच्या वाट्याला फ्रान्स आला. कार्डवर लिहिलेलं की मित्रराष्ट्रांचा सरसेनापती मार्शल फॉशला ऱ्हाईन हीच सैन्याची कायमची सीमा हवी आहे, संसदेत तुमच्यावर दबाव आहे, आणि तुम्हाला तो भाग जर्मनीपासून तोडून वेगळं राज्य करायचं आहे. अमेरिकेच्या कार्डवर की जर्मन बोलणारा प्रदेश तोडायचा नाही, तुमची चौदा कलमं, म्हणजे विल्सनने शांततेसाठी जाहीर केलेली तत्त्वं, त्याच्या आड येतात, आणि राष्ट्रसंघासाठी तुम्ही बाकी बरंच सोडायला तयार आहात. ब्रिटनचं कार्ड सगळ्यात मजेचं, तुम्हाला जे हवं होतं ते परिषद सुरू व्हायच्या आधीच खिशात आहे, जर्मन आरमार स्कॉटलंडच्या उत्तरेला स्कापा फ्लो या ब्रिटिश आरमारी तळावर अडकवून ठेवलंय, वसाहती तुमच्या आणि तुमच्या मित्रांच्या ताब्यात आहेत, त्यामुळे आता तुम्ही जर्मनीबद्दल उदारपणे बोलू शकता, फक्त एक अडचण, डिसेंबरच्या निवडणुकीत जर्मनीकडून सगळा खर्च वसूल करू असं मतदारांना सांगून बसला आहात. आणि इटलीला ऱ्हाईनशी काही देणंघेणंच नाही, त्यांना एड्रियाटिक किनाऱ्यावरचं फ्युमे बंदर पाहिजे, ते १९१५ च्या लंडनच्या गुप्त करारात पण नव्हतं, पण तुम्ही माझ्या बाजूने बोला मी तुमच्या बाजूने बोलतो एवढाच त्यांचा खेळ.

अर्धा तास आम्ही भांडलो, आवाज चढले, एकमेकांना ओळखत नसलेली माणसं खरोखर चिडली. शेवटी आम्ही फ्रान्सवाल्यांनी वेगळ्या राज्याची मागणी सोडली आणि बदल्यात ब्रिटन-अमेरिकेकडून वचन घेतलं की जर्मनीने हल्ला केला तर तुम्ही धावून याल, शिवाय काही वर्षं तिथे सैन्य ठेवायची परवानगी. मग गाईडने खरा करार वाचून दाखवला, पंधरा वर्षांचा ताबा टप्प्याटप्प्याने सोडायचा, कायमचा निःशस्त्र पट्टा, सार या जर्मन भागातला कोळसा फ्रान्सला आणि तो भाग पंधरा वर्षं राष्ट्रसंघाकडे, आणि ब्रिटन अमेरिकेची हमी. जवळजवळ आम्ही केलं तेच. आणि मग त्याने विचारलं, या अर्ध्या तासात याला जर्मनी काय म्हणेल असं किती जणांनी विचारलं? एकानेही नाही. सगळे एकदम गप्प. मला वाटतं अख्ख्या दिवसातला हा सर्वात महत्त्वाचा प्रश्न होता.

कारण मूळ बेत असा नव्हताच. सुरुवातीला सगळे धरून चालले होते की आधी आपसात एक प्राथमिक परिषद घ्यायची, आपली भूमिका ठरवायची आणि मग जर्मनांना बोलावून खऱ्या वाटाघाटी करायच्या, १८१५ मध्ये व्हिएन्नाला हरलेल्या फ्रान्सचा तालेराँ जसा टेबलावर येऊन बसला तसं काहीतरी. पण आपसातलं ठरवता ठरवता एप्रिल उजाडला. विल्सन आजारी पडला, एकदा तर वैतागून आपलं जहाज तयार ठेवायला सांगितलं, इटलीचा ओर्लांदो फ्युमेवरून उठून रोमला निघून गेला, जपान म्हणतंय चीनमधल्या शांटुंग प्रांतातले जर्मनीचे हक्क आम्हाला द्या नाहीतर राष्ट्रसंघात येत नाही, तिकडे हंगेरीत बेला कुनची कम्युनिस्ट क्रांती झालेली आणि सैनिक घरी जायला उतावळे. आपल्याकडे भावाभावांत वाटणी होते तेव्हा महिनोन् महिने घासाघीस करून एकदाचा कागद झाला की कुणी म्हणत नाही चला आता पुन्हा सुरुवातीपासून बघू, कारण एक वीट काढली तर सगळं कोसळतं हे प्रत्येकाला ठाऊक असतं. तसंच इथे झालं. जर्मनीशी एका कलमावर बोलायला बसलो तर चौघांनी एकमेकांना दिलेली घेतलेली सगळी सूट पुन्हा उघडणार. म्हणून प्राथमिक मसुदाच शेवटचा ठरला. शिवाय डझनावारी कमिशनं वेगवेगळी काम करत होती, सीमांचं एक, नुकसानभरपाईचं एक, बंदरांचं एक, आणि बऱ्याच जणांची समजूत की आपण लिहितोय तो आकडा पुढे घासाघिशीत कमी होईल, म्हणून जरा चढाच लिहा. तो कमी करणारा टप्पा आलाच नाही. सगळी कलमं एकत्र शिवून ४४० कलमांचा ग्रंथ झाला आणि तो अख्खा एकत्र वाचलेला माणूस मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जवळजवळ कुणी नव्हता. अमेरिकेचा हूवर, जो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला, त्याच्या हातात ७ मेच्या पहाटे प्रत पडली आणि वाचून तो इतका अस्वस्थ झाला की उठून रस्त्यावर फिरायला लागला, तिथे त्याच अवस्थेतले अजून ओळखीचे भेटले. कठोर तह लिहायचा असं कुणी एकाने बसून ठरवलं असतं तर निदान तो एकसंध तरी झाला असता. हा झाला तो बेरजेने झाला. मला तरी हे स्पष्टीकरण कुठल्याही खलनायकाच्या गोष्टीपेक्षा जास्त पटतं आणि जास्त भीतीदायक पण वाटतं.

इथपर्यंत पाच स्टार. आता दुपार.

आरईआर सी ट्रेनने व्हर्सायला जायचं, स्टेशनवरून चालत. आधी रेझर्व्हार हॉटेलची इमारत, तिथे जर्मन शिष्टमंडळाला ठेवलेलं, भोवती कुंपण घालून. त्यांची ट्रेन एप्रिलच्या शेवटी मुद्दाम हळू चालवत उद्ध्वस्त भागातून आणली होती, खिडकीतून बघा काय करून ठेवलंय म्हणून. मग ट्रियानाँ पॅलेस हॉटेल, ७ मे १९१९ ला अटी हातात दिल्या ती जागा. क्लेमांसो उभा राहून बोलला आणि जर्मन परराष्ट्रमंत्री ब्रॉकडॉर्फ-रांत्साऊने उत्तर दिलं ते बसूनच, त्यावरून समोरचे सगळे भडकले. नीट चर्चा नाही, जे म्हणायचं ते लेखी द्या, मुदत पंधरा दिवसांची, जी पुढे थोडी वाढवली. जर्मनांनी मेच्या शेवटी मोठा थोरला प्रतिप्रस्ताव दिला आणि इथे एक बारीक गोष्ट आहे जी गाईडने अर्ध्या मिनिटात उडवली आणि मला ते खटकलं. प्रतिप्रस्ताव आल्यावर लॉइड जॉर्ज डगमगला, त्याचे स्वतःचे मंत्री म्हणायला लागले हे जास्त होतंय, आणि त्याने पुन्हा बदल मागितले, तर विल्सन वैतागला की आता कशाला, हे आधी सुचायला हवं होतं. तरी एक मोठा बदल झालाच, जर्मनीचा अप्पर सायलेशिया हा भाग सरळ पोलंडला न देता तिथे सार्वमत घ्यायचं ठरलं. म्हणजे जर्मनांच्या कागदाला अगदीच किंमत नव्हती असं नाही. जिंकलेले शेवटच्या क्षणी स्वतःच्या अटींना कसे घाबरतात हे बघायला यासारखी दुसरी जागा नाही आणि यावर निदान वीस मिनिटं हवी होती.

तेवढा वेळ राहत नाही कारण राजवाड्याचा स्लॉट. आरसेमहालात कायम गर्दी असते, ३५७ आरसे, त्र्याहत्तर मीटर लांब दालन, आणि त्यात गाईडचा आवाज ऐकू येत नाही, हेडसेट देतात पण आमच्यातले दोन तर सतत खरखरत होते. त्याने तिथे सांगितलं ते सगळं मला बाहेर येऊन पुन्हा विचारून घ्यावं लागलं. २८ जून १९१९, ज्या साराजेवोच्या हत्येने महायुद्ध पेटलं तिला बरोबर पाच वर्षं. तिकडे जर्मनीत शायडेमानचं सरकार सही नको म्हणून राजीनामा देऊन गेलेलं, स्कापा फ्लोमधलं आरमार जर्मन खलाशांनी स्वतःच बुडवलेलं, फॉशचं सैन्य कूच करायला तयार आणि २३ जूनची मुदत संपायला थोडाच वेळ असताना होकार आला. सही करायला आले हेर्मान म्युलर आणि योहानेस बेल, युद्धाच्या निर्णयाशी संबंध नसलेले दोघे, आणि पुढे आयुष्यभर देशात शिव्या खाल्ल्या त्या नव्या लोकशाही सरकारच्याच लोकांनी. क्लेमांसोने चेहऱ्याला भयानक जखमा झालेले पाच फ्रेंच सैनिक मुद्दाम दालनात उभे करवले होते. ते कुठे उभे होते ती जागा गाईड दाखवतो. त्या गर्दीत, सेल्फी स्टिकच्या मधून, मी ती जागा बघितली आणि मला बोलता आलं नाही थोडा वेळ.

आता दोन तक्रारी, आणि दोन्ही विषयाच्या आहेत.

पहिली, ज्यांना दारातच अडवलं त्यांची गोष्ट जवळजवळ नाहीच. व्हिएतनामचा हो-ची-मिन्ह तेव्हा पॅरिसमध्ये होता, अर्ज घेऊन फिरत होता, एवढं एक वाक्य येतं. चीनने सही केलीच नाही कारण शांटुंग जपानला दिलं, त्यावर अजून एक वाक्य. जपानने राष्ट्रसंघाच्या करारात वंशसमानतेचं कलम मागितलं, एप्रिलमध्ये मतदान झालं, सतरापैकी अकरा जण बाजूने, आणि अध्यक्षस्थानी बसलेल्या विल्सनने सांगितलं की एकमत नाही म्हणून नामंजूर, याचा तर उल्लेखही नाही. आणि मला सर्वात जास्त बोचलं ते हिंदुस्थानचं. या तहावर हिंदुस्थानची सही आहे लोकहो, भारतमंत्री मॉन्टेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांची, लॉर्ड सिन्हा पण परिषदेला आले होते, आणि त्यामुळेच हिंदुस्थान स्वतंत्र नसतानाही राष्ट्रसंघाचा मूळ सदस्य झाला. आणि काँग्रेसने डिसेंबर १९१८ च्या दिल्ली अधिवेशनात या परिषदेसाठी प्रतिनिधी म्हणून कुणाची निवड केली होती? लोकमान्य टिळक, गांधीजी आणि हसन इमाम. टिळक तेव्हा ब्रिटिश पत्रकार चिरोलवरच्या बदनामीच्या खटल्यासाठी लंडनमध्येच होते, पॅरिस तिथून किती लांब, पण सरकारने पासपोर्ट दिला नाही. मग त्यांनी क्लेमांसोला पत्र लिहिलं, हिंदुस्थानलाही स्वयंनिर्णयाचा हक्क द्या म्हणून. दहा लाखांच्या वर हिंदी सैनिक परदेशी आघाड्यांवर गेले होते आणि त्यांच्या देशातल्या लोकांनी निवडलेल्या माणसाला खाडी ओलांडायची परवानगी नाही. मी हे गाईडला सांगितलं, त्याला टिळकांबद्दल माहिती नव्हतं, त्याने वहीत लिहून घेतलं, नाव नीट उच्चारून घेतलं, आणि हे मला मनापासून आवडलं. मराठी लोकांनो जाल तेव्हा तुम्ही पण विचारा, विचारणारे वाढले तर तो वॉकमध्ये घेईल.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. राजवाड्याच्या अंगणात शेवटची दहा मिनिटं तो गुंडाळतो आणि तिथे तेच शाळेचं वाक्य परत येतं, हा तह झाला म्हणून दुसरं युद्ध झालं. सकाळभर इतकं बारकाईने समजावल्यावर हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं. कारण १९१९ ते १९३९ मध्ये वीस वर्षं आहेत. भरपाईचा आकडा १९२१ मध्ये ठरला, १३२ अब्ज सुवर्ण मार्क, पण त्यातला मोठा भाग कागदावरच होता, प्रत्यक्षात वसूल करायचा विचार पन्नास अब्जांचा. ऱ्हाईनलँडमधून सैन्य ठरल्यापेक्षा आधी, १९३० मध्येच निघालं. ज्या २३१ व्या कलमाला जर्मनीत युद्धाचा दोष आमच्यावर टाकला म्हणून शिव्या घातल्या ते अमेरिकन वकिलांनी भरपाईला कायदेशीर आधार हवा म्हणून लिहिलेलं, आणि तसंच कलम ऑस्ट्रिया आणि हंगेरीच्या तहांत पण होतं. आणि जर्मनीने स्वतः जिंकल्यावर काय केलं ते पण बघा ना, १८७१ मध्ये फ्रान्सकडून पाच अब्ज फ्रँक आणि दोन प्रांत, मार्च १९१८ मध्ये ब्रेस्ट-लिटोव्हस्कला रशियाकडून पोलंड, बाल्टिक, युक्रेन सगळं. माझ्या मते खरी चूक तहाच्या कठोरपणात नव्हती, ती होती तह राबवायला पाठीशी कोण राहणार यात. आमच्या फ्रान्सच्या कार्डवर ज्या हमीसाठी आम्ही ऱ्हाईन सोडला ती हमी अमेरिकन सिनेटने कधी मंजूरच केली नाही, आणि ब्रिटनची हमी अमेरिकेच्या हमीवर अवलंबून होती म्हणून ती पण गेली. सिनेटने आधी नोव्हेंबर १९१९ मध्ये आणि परत मार्च १९२० मध्ये तहच नाकारला. फ्रान्सने मोबदला देऊन टाकला आणि वस्तू मिळालीच नाही. सकाळी क्रियाँसमोर सिनेटबद्दल जे सांगितलं होतं त्याचा धागा इथे जोडायला हवा होता, सगळी तयारी त्याने करूनच ठेवली होती, फक्त शेवटी सोडून दिली. मी हे फीडबॅक फॉर्ममध्ये सविस्तर लिहिलं आहे.

१९४५ नंतर विजेती राष्ट्रं वेगळी कशी वागली यावर पण दोन शब्द असते तर बरं झालं असतं. तेव्हा आधी बिनशर्त शरणागती घेतली, देश ताब्यात घेतला, इटली आणि इतर चार देशांशी तह १९४७ मध्ये पॅरिसलाच, जपानशी १९५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला, आणि भारत तिथे गेला नाही, त्याने १९५२ मध्ये जपानशी वेगळा तह केला आणि भरपाई मागितली नाही. आणि जर्मनीचा शेवटचा हिशोब तर १९९० मध्ये मिटला. एका दिवसात हे सगळं बसणार नाही हे मान्य, पण निदान एक पानाची प्रिंट देता येईल.

बाकी प्रॅक्टिकल गोष्टी. महालाचं तिकीट फीमध्ये नाही, ते वेळेचा स्लॉट घेऊन ऑनलाईन आधीच काढा, आणि सोमवारी महाल बंद असतो म्हणून सोमवारी हा वॉक नसतोच. सकाळी नकाशे आणि कागदांचा जो संच देतो तो फार छान आहे, जपून ठेवा, विशेषतः ऱ्हाईनचा नकाशा. लहान मुलांना घेऊन जाऊ नका, कंटाळतील, पण कॉलेजातल्या मुलांना बागेतली ॲक्टिव्हिटी जबरदस्त आवडेल, आमच्या ग्रुपमधली एक मुलगी विल्सन होऊन अशी अडून बसली की खऱ्याची आठवण यावी. थोडं आधी वाचून गेलात तर फायदा जास्त, निदान चौदा कलमं काय होती आणि १८७१ ला काय झालं एवढं तरी. आणि हाताशी अजून एक दिवस असेल तर दुसऱ्या दिवशी स्वतःचे स्वतः गार दु नोरवरून ट्रेन पकडून काँपियेनला जा आणि तिथून टॅक्सीने जंगलातल्या त्या मोकळ्या जागेवर, जिथे ११ नोव्हेंबर १९१८ ला रेल्वेच्या डब्यात युद्धबंदीची सही झाली आणि जून १९४० मध्ये हिटलरने त्याच डब्यात फ्रान्सकडून सही करून घेतली. मूळ डबा जर्मनांनी नेला आणि तो युद्धात नष्ट झाला, आता आहे तो त्याच मालिकेतला दुसरा. गाईडच्या वॉकमध्ये हे नाही, पण मी विचारल्यावर जायचं कसं ते त्याने नीट लिहून दिलं, तुम्ही पण विचारा.